संतोष : पाय बरा होईपर्यंतची साधना



दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी कोणी गावी जातो, कोणी शिबिराला जातो, कोणी वर्षभर राहून गेलेल्या भेटीगाठी पूर्ण करतो. पण दरवर्षी आपल्यातलेच काही जण असे असतात, की त्यांना याच दिवसांत घराचा उंबरा ओलांडता येत नाही. कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असते, कोणाचा घोटा मोडलेला असतो, कोणी पक्षाघातातून हळूहळू सावरत असतो. घरात फराळाचा वास दरवळतो, अंगणात मुलांचा गलका चालू असतो आणि आपण मात्र उशीवर पाय ठेवून पलंगावर बसलेलो असतो. फोन उघडावा तर सगळ्यांचे प्रवासाचे फोटो दिसतात.

अशा वेळी 'समाधानी राहा' असे दुसऱ्याला सांगणे सोपे असते. स्वतः ऐकणे अवघड जाते. म्हणून या पाठात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत. संतोष म्हणजे नेमके काय, बरे होण्याच्या प्रयत्नाशी त्याचे नाते कोणते, आणि दिवाळीच्या दिवसांत घरी बसून त्याचा अभ्यास कसा करावा.

संतोष हा नियम आहे, स्वभाव नव्हे

महर्षी पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात पाच नियम सांगितले आहेत : शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. संतोष या यादीत दुसरा आहे. नियम म्हणजे रोज पाळायची गोष्ट. 'तो मुळातच समाधानी आहे' असे आपण एखाद्याविषयी म्हणतो तेव्हा संतोष हा जन्मजात स्वभाव आहे असे आपण गृहीत धरतो. पतंजली तसे धरत नाहीत. दात घासणे, स्नान करणे यांच्या शेजारी त्यांनी संतोषाला बसवले आहे. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. संतोषाच्या लगेच पुढचा नियम तप हा आहे. संतोष म्हणजे हातपाय गाळून बसणे असते, तर त्याच्या पाठोपाठ तपाची जागा राहिलीच नसती. जो आजची स्थिती आदळआपट न करता स्वीकारतो, त्याच्याकडेच उद्यासाठी कष्ट करण्याची शक्ती शिल्लक राहते. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा, दुखत असताना, कंटाळा आलेला असताना करणे हे आजारी साधकाचे तपच आहे.

अनुवादसेवा करताना मला 'संतोष' आणि 'समाधान' हे दोन शब्द नेहमी शेजारी शेजारी भेटतात. मराठीत आपण ते एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांची घडण वेगळी आहे. संतोष म्हणजे नीट तुष्ट होणे, प्रसन्न होणे. समाधान म्हणजे नीट जागी ठेवणे, बसवणे. मोडलेले हाड बसवतात तसे विखुरलेले मन जागेवर बसवायचे, आणि ते बसले की प्रसन्नता येते. दोन्ही शब्द एकाच वाटेवरचे दोन टप्पे आहेत असे मला वाटते.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना 'संतुष्ट' हा शब्द दोनदा येतो, एकदा चौदाव्या आणि एकदा एकोणिसाव्या श्लोकात. पहिल्या ठिकाणी तो सतत संतुष्ट असतो असे म्हटले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी जे मिळेल त्यात संतुष्ट असतो असे म्हटले आहे. सुट्टीत घरी अडकलेल्या साधकाची परीक्षा दुसऱ्या ठिकाणी होते. जे मिळाले आहे ते आपण मागितलेले नव्हते.

एका घरातले उदाहरण

माझी आत्या बडोद्याला राहते. अनेक वर्षे ती बालवर्ग घेते. वर्गाची सतरंजी अंथरण्यापासून मुलांना घरी सोडण्यापर्यंत सगळे तीच करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या महिनाभर आधी ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला आणि घोट्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून आत पट्टी बसवावी लागली. डॉक्टरांनी सांगितले, सहा आठवडे या पायावर अजिबात भार द्यायचा नाही. वॉकर घेऊन फक्त पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जायचे.

कॉलेजला सुट्टी लागल्यावर मी मदतीला गेले. आत्या कुरकुर करत नव्हती. विचारले की म्हणायची, "मी मजेत आहे, तुम्ही तुमची दिवाळी करा." घरात सगळ्यांना वाटत होते, साधनेचे फळ ते हेच. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की तिच्या उशाशी सकाळी ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी जवळजवळ तसाच असतो. विचारल्यावर आधी ती टाळत राहिली. मग म्हणाली, "अगं, पाणी प्यायलं की उठावं लागतं. उठायचं म्हणजे कुणाला तरी हाक मारावी लागते. सुनेचा हात पिठात असतो, काकांची कंबर दुखते. त्यापेक्षा नकोच ते."

हे ऐकून मी गप्प झाले. जे आम्हाला समाधान वाटत होते, ते समाधान नव्हते. ती स्वतःला शिक्षा करत होती. पाणी कमी प्यायल्याने बद्धकोष्ठ होतो, लघवीचा त्रास होऊ शकतो, चक्कर येऊन पुन्हा पडण्याची भीती वाढते. हे तिला कळत नव्हते असे नाही. पण आयुष्यभर ज्या हातांनी दुसऱ्याला वाढले, ते हात आता मागायला पुढे होत नव्हते.

त्या रात्री आत्या आणि मी बराच वेळ बोललो. शेवटी ती म्हणाली, "मला वाटत होतं मी कुणाला त्रास देत नाही. खरं म्हणजे मी माझा त्रास लपवत होते." दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच नातवाकडून देवघरातली छोटी घंटा मागून घेतली आणि घरात जाहीर केले, की ही वाजली की ज्याचा हात मोकळा असेल त्याने यायचे. नातवाला ते इतके आवडले, की घंटा वाजण्याची तोच वाट पाहू लागला.

ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, म्हणून हिशेबाच्या भाषेतच एक गोष्ट सांगते. लक्ष्मीपूजनाला व्यापारी हिशेबाच्या वह्यांची पूजा करतात, तेव्हा हे उदाहरण दिवाळीला शोभणारेच आहे.

प्रत्येक व्यवसायाची दोन मुख्य पत्रके असतात. एक ताळेबंद आणि दुसरे नफा-तोटा पत्रक. ताळेबंद हा एका विशिष्ट दिवसाचा असतो : या तारखेला आपल्याकडे काय आहे आणि आपण काय देणे लागतो. नफा-तोटा पत्रक एका कालावधीचे असते : या काळात काय कमावले, काय खर्च झाले. दोन्हींची गल्लत केली तर हिशेब कधीच लागत नाही.

संतोष हा ताळेबंदासारखा आहे. तो 'आज'चा असतो. आज घोटा सुजलेला आहे, आज वॉकर आहे, आज जेवण हातात मिळते आहे, आज वाचायला डोळे आहेत, आज घरात चार माणसे आहेत. जे आहे ते जसेच्या तसे लिहायचे. प्रयत्न हा नफा-तोटा पत्रकासारखा असतो. तो सहा आठवड्यांचा, तीन महिन्यांचा असतो. व्यायाम केला का, औषध वेळेवर घेतले का, विश्रांती घेतली का, हे त्यात दिसते. म्हणून 'मी आहे त्यात संतुष्ट झालो तर बरा होण्याची धडपड कशाला करीन?' हा प्रश्नच उरत नाही. संतोष आजच्या तारखेला लागू होतो, प्रयत्न येणाऱ्या दिवसांना लागू होतो.

ताळेबंदाचे आणखी दोन नियम साधकाच्या कामाचे आहेत. पहिला, देणी लपवायची नाहीत. वेदना आहे, भीती आहे, रडू येते आहे, तर तेही त्याच पानावर लिहायचे. देणी दडवून केलेला ताळेबंद खोटा असतो. दुःख दडवून केलेला संतोषही तसाच. दुसरा, मागच्या वर्षीचे आकडे शेजारच्या रकान्यात माहितीसाठी असतात, पण या वर्षीची बेरीज त्यांवरून करत नाहीत. 'मागच्या दिवाळीला मी पहाटे चारला उठून अख्ख्या अंगणात रांगोळी काढली होती' ही आठवण असू द्यावी. आजची बेरीज मात्र आजच्याच आकड्यांची करावी. मग शेजाऱ्याच्या वहीतले आकडे, म्हणजे फोनवरचे फोटो, आपल्या बेरजेत घेण्याचा तर प्रश्नच नाही.

एका जागी राहण्याची आपली परंपरा

सुट्टी म्हणजे बाहेर जाणे, ही समजूत अलीकडची आहे. आपल्या देशात एका जागी थांबणे हीसुद्धा साधना मानली गेली आहे. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास असतो. एरवी सतत फिरणारे संन्यासी या काळात एका ठिकाणी मुक्काम करतात. जैन साधू-साध्वींचा चातुर्मास आणि बौद्ध भिक्षूंचा वर्षावास यांमागेही हाच विचार आहे. पावसात वाटा बिकट होतात आणि चालताना पायाखाली लहान जीव मरतात, म्हणून थांबायचे. आणि थांबलेला वेळ अध्ययनाला, उपदेशाला द्यायचा.

दिवाळी या चातुर्मासाच्या आतच येते, हे आपण सहसा विसरतो. ज्या साधकाला डॉक्टरांनी दिवाळीत घरी थांबायला सांगितले आहे, त्याने आपला चातुर्मास थोडा उशिरा सुरू झाला असे मानावे.

विनोबाजींचे उदाहरण तर आपल्याला परिचित आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हाती आहेत. बोलणारा आणि लिहिणारा दोघेही बंदिवान होते. फिरण्याचे स्वातंत्र्य नव्हते, पण आठवड्यातला एक दिवस ठरलेला होता आणि त्या दिवशीचे काम ठरलेले होते. बिछान्यावरच्या साधकाने एवढे जरी उचलले, तरी पुष्कळ झाले : दिवसाचे एक काम ठरवायचे आणि ते ठरल्या वेळी करायचे.

घेणे हाही सेवेचा भाग

आपल्या चळवळीत सेवा या शब्दाला मोठा मान आहे. त्यामुळे सेवा करणाऱ्याला सेवा घेणे फार जड जाते. पण ज्याच्याकडे घेणाराच नाही, त्याला देता कसे येईल? आपण आजवर ज्यांची सेवा केली, त्यांनी ती स्वीकारली म्हणून आपली साधना झाली. आज तीच संधी घरातल्या मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला आपल्यामुळे मिळते आहे. मदत स्पष्ट शब्दांत मागावी, एका वेळी एकच गोष्ट मागावी, आणि मिळाल्यावर 'उगाच तुम्हाला त्रास' असे म्हणण्याऐवजी 'बरे वाटले' एवढेच म्हणावे. पहिल्या वाक्याने समोरच्याला संकोच होतो, दुसऱ्याने आनंद होतो.

शिवाय बसून करण्यासारखी सेवा असतेच. वाती वळणे, करंज्यांना मुरड घालणे, आकाशकंदिलाच्या पट्ट्या कापणे, मुलांकडून पाठांतर करून घेणे, एकट्या राहणाऱ्या साधकांना फोन करणे. पाय खुर्चीवर वर ठेवून हे सगळे होते. आत्याचा बालवर्ग त्या दिवाळीत तिच्या पलंगाभोवतीच भरला.

दिवाळीचे सहा दिवस, सहा छोटे अभ्यास

१. वसुबारस : आजचा ताळेबंद लिहा. एका बाजूला जे आहे ते, दुसऱ्या बाजूला जे दुखते आहे ते. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे भरा. कोणाला दाखवायची गरज नाही.

२. धनत्रयोदशी : हा धन्वंतरीच्या पूजनाचा दिवस. आज औषधांच्या वेळा, व्यायामाच्या वेळा आणि पाण्याचे पेले एका कागदावर लिहून भिंतीला लावा. डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य ही आजची पूजा.

३. नरक चतुर्दशी : अभ्यंगस्नान बसून करा. न्हाणीघरात न सरकणारे स्टूल ठेवा, प्लास्टर असेल तर ते पूर्ण कोरडे ठेवा, आणि तेल लावून झाल्यावर फरशी कोणाकडून तरी पुसून घेतल्याशिवाय उठू नका. स्नानानंतर पाच मिनिटे शांत बसून, शरीराचा जो भाग आज न दुखता काम करतो आहे, त्याकडे लक्ष द्या.

४. लक्ष्मीपूजन : पूजेला बसता येत नसेल तर खुर्चीवरून नमस्कार करा. देव खुर्चीची उंची मोजत नाही. आज ज्या एका व्यक्तीने आपली सेवा केली, तिला तिचे नाव घेऊन, नेमके काय केले ते सांगून धन्यवाद द्या.

५. पाडवा : हा बलिप्रतिपदेचा दिवस. वामनाने बळीराजाकडे तीन पावले भूमी मागितली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भागवताच्या आठव्या स्कंधात या प्रसंगी वामन बळीला सांगतो, की ज्याचे तीन पावलांत समाधान होत नाही, त्याचे अधिक मिळूनही होणार नाही. आज आपल्याला जितकी पावले टाकायची परवानगी आहे, तितकीच टाका. एकही कमी नको आणि उत्साहाच्या भरात एकही जास्त नको.

६. भाऊबीज : या दिवशी भाऊ बहिणीच्या घरी जातो अशी रीत आहे. बहीण घरी अडकली असेल तर रीत आपोआप पाळली जाते. भाऊ अडकला असेल तर बहिणीला बोलवा. भेटीला येणाऱ्याला आजाराची कथा एकदाच सांगा आणि मग त्याची खुशाली विचारा. बाकीचा वेळ त्याचे ऐका.

घरच्या माणसांसाठी

ज्यांच्या घरी असा साधक आहे, त्यांनी सणाच्या गडबडीत काही गोष्टी सांभाळाव्यात. जायच्या-यायच्या वाटेवर पायपुसणी, दिव्यांच्या माळांच्या वायर आणि रांगोळी नको. गुळगुळीत फरशीवर सांडलेली रांगोळीची पूड आणि तेलाचा थेंब, दोन्ही वॉकरच्या पायाला सरकवतात. पणत्या वाटेपासून दूर ठेवाव्यात. रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा चालू असावा. कुबड्या घेऊन जिना चढायची डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर सोपा नियम लक्षात ठेवावा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

मोडलेले हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात आणि पायातली ताकद परत यायला त्याहून अधिक. म्हणून 'अजून बरे झाले नाही का?' असे विचारू नये. 'निदान एवढ्यावर निभावले' हे वाक्यही टाळावे. तो निष्कर्ष ज्याचा त्याने काढायचा असतो. फराळात काय करायचे, कोणाला बोलवायचे, हे निर्णय आजारी माणसाला विचारूनच घ्यावेत. त्याचा पाय दुखावला आहे, घरातले स्थान नव्हे.

पोटरी अचानक सुजली किंवा दुखू लागली, छातीत दुखले, धाप लागली, किंवा प्लास्टरमधली बोटे निळी पडली, बधिर झाली, तर सण असो की मध्यरात्र, वाट न पाहता वैद्यकीय मदत घ्यावी.

संतोष आणि उदासी

शेवटी एक गोष्ट अगदी स्पष्टपणे सांगायला हवी. घरी अडकलेल्या माणसाला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. एखादी संध्याकाळ रडण्यात गेली म्हणून साधना वाया जात नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न राहत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडत्या कशातच रस उरला नसेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. भारत सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मनाचा उपचार घेणे हे श्रद्धा कमी असल्याचे लक्षण नव्हे. हाड मोडल्यावर आपण नुसते नामस्मरण करत बसलो नाही, डॉक्टरांकडेही गेलो. मनाच्या बाबतीतही तसेच करावे.

चिंतनासाठी प्रश्न

१. मी 'काही नको' असे म्हणतो तेव्हा मला खरोखर काही नको असते, की मागण्याचा संकोच असतो?

२. आजच्या ताळेबंदात मी मागच्या वर्षीचे किंवा दुसऱ्याचे कोणते आकडे मिसळतो आहे?

३. माझ्या ओळखीत या सुट्टीत घरी अडकलेला साधक कोण आहे? त्याला 'काही लागलं तर सांगा' असे न म्हणता, मी कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कशासाठी जाणार आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून न थांबता, आजच त्यांना फोन करून कळवावे. पुढच्या सत्संगात गटाने या पाठावर चर्चा करताना, जे येऊ शकत नाहीत त्यांच्यापैकी एकाच्या घरी सत्संग घेता येईल का, याचाही विचार व्हावा.